मशीन उत्तम चालू होतं: पेसमेकरच्या खिशातला स्टॅफिलोकोकस, एक प्रकरण

रुग्ण ७२ वर्षांचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, राहायला इंदूरच्या रामबागेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर. अठरा वर्षांची ओळख आहे, तेव्हा ‘रुग्ण’ हा शब्द मला लिहवत नाही, काकाच लिहितो. या प्रकरणातला पहिला चुकीचा कागद माझ्या हातचा आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

या प्रकरणाच्या नऊ वर्षं आधी काका राजवाड्याजवळ भाजी घेता घेता चक्कर येऊन पडले. नाडी ३४. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत उठणारा विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. डाव्या हासळीखाली कातडीचा खिसा करून पेसमेकर बसवला, दोन वायर शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला नेल्या. काका परत शिकवण्या घेऊ लागले, दर वर्षी शाडूचा गणपती स्वतः करू लागले. प्रकरणाच्या तीन वर्षं आधी ठोक्यांची लय बिघडायला लागली म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. साखर होती, पण गोळ्यांवर आटोक्यात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या जानेवारीत संक्रांतीनंतर बॅटरी बदलली.

‘बॅटरी बदलली’ हा शब्दच फसवा आहे. घड्याळाचा सेल काढून नवा घालावा तसं इथे करता येत नाही. बॅटरी आणि सगळी विद्युत मांडणी टायटॅनियमच्या एकाच बंद डबीत असते, ती आख्खी बदलतात. वायर जुन्याच राहतात. काम थोड्या वेळाचं, माणूस एक-दोन दिवसांत घरी. त्यामुळे घरच्यांना आणि आम्हा डॉक्टरांनाही हे पहिल्या वेळेपेक्षा किरकोळ वाटतं. जंतुसंसर्गाचा हिशेब मात्र उलटा आहे. जुना खिसा म्हणजे व्रणाच्या पांढुरक्या पापुद्र्याची पिशवी. तिला रक्तपुरवठा जेमतेम, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींची ये-जाही जेमतेम. अशी पिशवी पुन्हा उघडली की आत गेलेल्या चार जंतूंना हाकलायला कोणी वेळेवर पोचत नाही.

त्यात काकांची रक्त पातळ करायची गोळी शस्त्रक्रियेआधी बंद करून मधल्या दिवसांत हेपरिनची, म्हणजे तीही रक्त पातळ करणारीच, इंजेक्शनं दिली गेली. ही जुनी पद्धत. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या ‘ब्रूझ कंट्रोल’ या चाचणीचे निकाल २०१३ साली आले. गोळी चालूच ठेवून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३.५ टक्के लोकांच्या खिशात मोठी गुठळी झाली. गोळी थांबवून हेपरिन दिलेल्यांत हेच प्रमाण १६ टक्के निघालं. त्याच रुग्णांचा पुढे वर्षभर माग ठेवला, तर गुठळी झालेल्यांत गंभीर संसर्गाची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. काकांना गुठळी झाली. खांद्यापासून छातीपर्यंत जांभळं-निळं, खिसा टम्म. नवव्या दिवशी सुई घालून ते रक्त ओढून काढायचा प्रयत्न झाला. कुठे आणि कोणाकडून, ते इथे लिहायचं कारण नाही. आराम पडावा एवढाच हेतू होता. पण पेसमेकरच्या खिशाला सुई लावू नये, कारण कातडीवर राहणारे जंतू सुईच्या टोकावर बसून थेट धातूपर्यंत पोचतात. दाब फारच वाढला तर ऑपरेशन थिएटरमध्ये खिसा नीट उघडून रक्त काढावं, नाहीतर ते आपोआप जिरू द्यावं.

ते जिरलं. फेब्रुवारीच्या शेवटी कातडीचा रंगही पूर्ववत झाला. सगळे विसरले.

मे ते जुलै

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काका दवाखान्यात आले, शर्टाची वरची बटणं काढली. व्रणाच्या खालच्या कडेला रुपयाएवढी लाली, हाताला किंचित गरम, दाबल्यावर हुळहुळणारी. ताप नाही. निदान काकांनी घरूनच करून आणलं होतं.

“जानवं घासतंय, डॉक्टर. बरोब्बर मशीनवरून जातं.”

जातं खरंच. डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे जाताना ते नेमकं त्या उंचवट्यावरून जात होतं. मे महिना, घाम, दोऱ्याची घसट, मलाही पटलं. सात दिवसांचं ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट लिहून दिलं आणि जानवं काही दिवस निवीत करा, माळेसारखं गळ्यात असू द्या, असं सुचवलं. काकांनी दोन्ही पाळलं. पाचव्या दिवशी लाली गेली.

लाली गेली हेच वाईट झालं. गेली नसती तर मी पुढे विचार केला असता.

ती परत आली तेव्हा काका मुलाच्या ओळखीच्या एका सर्जनकडे गेले. तिथे दुसरं अँटिबायोटिक, दहा दिवस. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग चौदा दिवस लिनेझोलिड. त्याआधी व्रणाच्या कडेला आलेल्या ओलसरपणाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर टिपलेला नमुना, प्रयोगशाळेत गेला होता. रिपोर्ट असा: कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस, त्वचेवरचे नेहमीचे जंतू, नमुना दूषित असण्याची शक्यता. तो वाचून सगळ्यांनी सुस्कारा टाकला.

मधल्या काळात पेसमेकरची तपासणी दोनदा झाली. छातीवर ते चपटं यंत्र धरून पडद्यावर आकडे बघतात, ती. दोन्ही वेळा आकडे सुरेख. बॅटरी भरपूर, वायरींचा अडथळा योग्य, एकही ठोका चुकलेला नाही. कागदावर ‘मशीन उत्तम चालू’ असं आलं आणि त्या वाक्याने तीन महिने खाल्ले. पेसमेकर तपासणारं यंत्र विजेबद्दल विचारतं. जंतूंबद्दल त्याला कोणी विचारत नाही, आणि पू झालेल्या खिशातही डबी वर्षानुवर्षं नीट काम करू शकते. यंत्र ठीक म्हणजे जागा ठीक, असं आम्ही सगळे नकळत धरून चाललो होतो.

दुधाच्या हिशेबाची वही

९ ऑगस्टला काकू एकट्याच आल्या. हातात दूधवाल्याच्या हिशेबाची वही, ती उलटी उघडली. मागच्या पानांवर पेन्सिलीने तारखा होत्या.

१७ मे गोळ्या संपल्या. २८ मे लाल.
८ जून गोळ्या संपल्या. २० जून लाल.
६ जुलै गोळ्या संपल्या. १५ जुलै लाल, मलम लावतो.
२ ऑगस्ट कातडी काळपट.

त्याखाली संध्याकाळचे ताप: ९९.२, ९९.४, ९९. एका ओळीत फक्त ‘पायजम्याची नाडी दोन बोटं आत’.

“डॉक्टरसाहेब, मला काही कळत नाही त्यातलं,” काकू म्हणाल्या, “पण गोळी संपली की दहा-बारा दिवसांत येतं. दर वेळी. हा तर हप्ता झाला.”

अकरा, बारा, नऊ. तीन वेगवेगळी औषधं, तिन्हींनी दबलं, आणि थांबल्यावर त्याच जागी उगवलं. साधी त्वचेची जखम असं वागत नाही. ती एकतर बरी होते, नाहीतर चिघळत जाते. ठरल्या अंतराने परत येत नाही. तीन डॉक्टरांनी तीन कागद लिहिले होते, पण ते एकापुढे एक मांडून कोणी पाहिले नव्हते. ते काम दुधाच्या वहीने केलं.

त्याच संध्याकाळी काकांना घरी जाऊन तपासलं. खिशाच्या खालच्या कोपऱ्यावरची कातडी जांभळट, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. चिमटीत धरायला गेलो तर उचललीच जाईना. खालच्या डबीला चिकटली होती. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून गढूळ पाण्याचा एक थेंब. टॉर्च तिरपा धरला तेव्हा आत राखाडी चमकलं. टायटॅनियम.

डबीचा कोपरा बाहेर दिसला की निदानासाठी आणखी काही लागत नाही. तो खिसा संसर्गित समजायचा, पू असो वा नसो, ताप असो वा नसो. उघडा पडलेला धातू पुन्हा कातडीखाली शिवून टाकण्यात अर्थ नसतो. आणि जानवं त्यात निर्दोष होतं. कातडी बाहेरून घासली गेली नव्हती, आतून कुरतडली गेली होती.

द्राक्षांचा घड

हा जंतू नवा नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतल्या पुवात गोल जंतूंचे पुंजके पाहिले, आणि १८८२ मध्ये द्राक्षांच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. दोन वर्षांनी जर्मनीत रोझेनबाख यांनी त्यांच्या दोन जाती वेगळ्या केल्या: सोनेरी वसाहती करणारा ऑरियस आणि पांढऱ्या करणारा अल्बस. ऑरियस बदमाश म्हणून प्रसिद्ध. पांढऱ्याला आज आपण एपिडर्मिडिस म्हणतो, काकांच्या रिपोर्टातल्या ‘कोॲग्युलेज-निगेटिव्ह’ गटातलाच हा, आणि तो तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या कातडीवर या क्षणी नांदतो आहे. साध्या जखमेत तो सापडला तर दुर्लक्ष करायचं, असं आम्हाला शिकवलं जातं, आणि एरवी ते बरोबरच असतं.

परकी वस्तू शरीरात आली की हा नियम बदलतो. १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कॉनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले. नुसते टोचले तर पू व्हायला लाखोंच्या संख्येने जंतू लागत. तिथे रेशमी टाका असला तर काही शेकड्यांत काम होई. एका टाक्याने एवढा फरक. काकांच्या छातीत तर डबी होती आणि हातभर लांबीच्या दोन वायर.

या पृष्ठभागावर एपिडर्मिडिस आधी चिकटतो, मग स्वतःभोवती साखरेसारख्या पदार्थाचा बुळबुळीत थर विणतो आणि आत थंड बसतो. वाढ मंद, खाणं कमी. बहुतेक अँटिबायोटिकं वाढत्या, विभागणाऱ्या जंतूंवर मारा करतात. झोपलेल्यांवर त्यांचा जोर चालत नाही. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असतं, ते नळीत मोकळे पोहणाऱ्या जंतूंबद्दल खरं असतं. थरातले जंतू तेच असले तरी त्याच औषधाला कित्येक पट पुरून उरतात. गोळी चालू असेतो थरातून सुटून बाहेर पडलेले जंतू मरतात, लाली ओसरते. गोळी थांबते आणि थर पुन्हा नवी पिलं सोडू लागतो. अकरा दिवस, बारा दिवस, नऊ दिवस.

काकूंना हे समजावताना मी पाण्याच्या टाकीचा दाखला दिला. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरांवरून, जलूदहून, चढवून आणतात. ते क्लोरीन घालून येतं, तरी गच्चीवरच्या टाकीचा तळ बुळबुळीत होतोच.

“म्हणजे ब्लीचिंग टाकून भागायचं नाही, घासायला पाहिजे,” काकू म्हणाल्या.

“घासताही येत नाही, काकू. टाकीच काढावी लागेल. पाइपांसकट.”

त्या गप्प झाल्या. पाइप म्हणजे हृदयात गेलेल्या वायर, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

तीन बाटल्या

लिनेझोलिड संपून महिना उलटला होता आणि मलमाशिवाय काही चालू नव्हतं. या आजारात अशी संधी क्वचित मिळते, कारण अँटिबायोटिक चालू असताना काढलेल्या रक्तात जंतू बहुधा उगवत नाहीत. काकांची तब्येत स्थिर होती, म्हणून औषधाचा एक थेंबही देण्याआधी काही तासांच्या अंतराने, वेगवेगळ्या शिरांतून, तीन वेळा रक्त घेतलं. स्वॅब मात्र घेतला नाही. कातडीवरचा स्वॅब कातडीवर काय आहे ते सांगतो. आत काय आहे ते खिसा उघडल्यावर आतल्या पापुद्र्याचा तुकडा सांगतो.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या मॅडमचा फोन आला. तीनपैकी दोन संचांत वाढ. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, दोन्हीकडे औषधांचा नकाशा, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं आणि कुठलं नाही ते, एकसारखा. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा. एकाच बाटलीत हा जंतू सापडला तर सुई टोचताना कातडीवरून आला असं म्हणता येतं. वेगवेगळ्या शिरांतून घेतलेल्या दोन संचांत, तोही एकाच नकाशाचा, तर तो रक्तातच आहे. जूनमधल्या स्वॅबचा रिपोर्ट मी परत काढून बघितला. ‘दूषित नमुना’ म्हणून सोडलेल्या त्या जंतूचाही नकाशा जुळत होता. प्रयोगशाळेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या फॉर्मवर आम्ही ‘जखमेचा स्वॅब’ एवढंच लिहिलं होतं, ‘पेसमेकर’ हा शब्द कुठेच नव्हता.

बाकीच्या तपासण्यांत भीती वाटावी असं थोडंच होतं, आणि त्यातच हा आजार फसवतो. पांढऱ्या पेशी ८,२००. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन, ३८. हिमोग्लोबिन १०.४. छातीवरून केलेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काही नाही. अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोत मात्र उजव्या वरच्या कप्प्यातल्या वायरीवर नऊ मिलिमीटरचा एक गोंडा डुलताना दिसला. झडप स्वच्छ होती. असा गोंडा तुटला तर रक्ताबरोबर आधी फुप्फुसांत जातो. म्हणून पेसमेकर असलेल्या माणसाला महिन्यात दोनदा ‘न्यूमोनिया’ झाला तर तो नुसता न्यूमोनिया म्हणून सोडू नये.

“पण मशीन तर चालतंय”

मुलगा बेंगळुरूहून व्हिडिओवर. त्याचे प्रश्न रास्त होते, आणि ते या आजाराच्या प्रत्येक घरात विचारले जातात म्हणून सविस्तर लिहितो.

खिसा उघडून धुऊन काढला तर? डबी आणि वायर तिथेच राहिल्या तर थरही राहतो. वायरीवरचा गोंडा खिशातून धुतला जात नाही.

डबी काढून वायर तशाच ठेवल्या, नवी डबी दुसऱ्या बाजूला जोडली तर? खिशातला संसर्ग वायरीच्या अंगाने आत सरकलेला असतो. संसर्गित वायर ठेवणं म्हणजे घरफोड्याला दार दाखवून किल्लीही हातात देणं.

जन्मभर गोळी? ज्याला शस्त्रक्रिया झेपणारच नाही, त्याच्यासाठी हा नाइलाजाचा मार्ग आहे. काका रोज पाच किलोमीटर चालत होते.

“जानेवारीतच एवढा खर्च केला. मशीन एकदम नवंय. काढून फेकायचं?” हा खरा प्रश्न, बाकीचे त्याच्या आजूबाजूचे. त्याला माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नव्हतं. फेकायचं, एवढंच म्हणालो. आणि त्याला आकडे सांगितले. युरोपातल्या साडेतीन हजार रुग्णांच्या २०१७ च्या नोंदवहीत वायर काढताना मोठी गुंतागुंत १.७ टक्के लोकांत झाली होती, मृत्यू ०.५ टक्के. हा धोका खरा आहे, पण मोजलेला आहे. न काढण्याचा धोका याच्या कितीतरी पट. तरीही लोक काढत नाहीत, आणि हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर संसर्ग झालेल्यांपैकी पाचात चारांहून जास्त जणांचं यंत्र महिनाभरात काढलंच गेलं नव्हतं. ज्यांचं पहिल्या आठवड्यात काढलं, त्यांच्यात पुढच्या वर्षभरात मृत्यू कमी होते. पैसे, यंत्रणा, विमा यांचं सगळं कौतुक असलेल्या देशात ही गत. अडतं कुठे, ते मला आमच्या घरगुती बैठकीत बसल्यावर कळलं. चालू वस्तू काढायला कोणाचाच हात उठत नाही.

काका एवढा वेळ ऐकत होते. म्हणाले, “शाडूची मूर्ती ओली असताना आत खडा राहिला, तर वरून कितीही लिंपा, वाळताना तिथेच चीर जाते. खडा काढावाच लागतो.” मग मुलाला, “तिकीट काढ.”

गळ्यातला ताईत

व्हँकोमायसिन हे शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक इंदूरलाच सुरू केलं. पहिली बाटली जरा वेगाने गेली आणि काकांचा चेहरा, मान, छाती लालबुंद, खाज. ही ॲलर्जी नव्हे. औषध भरभर दिल्यावर येणारी लाली. वेग कमी केला, दोन तासांवर नेला, थांबली. आठवड्याभरात मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ वरून १.४ वर गेलं, रक्तातली पातळी पाहून मात्रा कमी केली. ही दोन वाक्यं लिहायला सोपी आहेत. तो आठवडा सोपा नव्हता.

वायर काढायचं काम रोज करणाऱ्या माणसांकडेच द्यावं, म्हणून मुंबई. नऊ वर्षांत वायर शिरेच्या भिंतीला आणि हृदयाच्या आतल्या अस्तराला व्रणाने जखडून गेलेली असते. नुसती ओढली तर शीर फाटते, आणि मोठी शीर फाटली तर हातात काही मिनिटंच असतात. त्यामुळे वायरीच्या आत एक बारीक सळी अडकवून तिला ताठ करतात, बाहेरून नळी चढवतात आणि ती नळी इंच-इंच पुढे सरकवत व्रण सोडवत जातात. हृदयशल्यविशारद छाती उघडायच्या तयारीने शेजारी उभा असतो. काकांच्या बाबतीत त्याला काही करावं लागलं नाही. दोन्ही वायर अखंड निघाल्या. खिशातला पापुद्रा आणि वायरींची टोकं, दोन्हींत तोच एपिडर्मिडिस.

अडचण अशी की काकांचं हृदय पेसमेकरवरच चाललं होतं. मशीनचा वेग खाली आणला की स्वतःचा ठोका येतच नव्हता. जुनं काढलं, नवं लगेच बसवता येत नाही, कारण रक्तात जंतू असताना नवी वायर घालणं म्हणजे त्यांना नवं घर बांधून देणं. मधल्या काळासाठी मानेच्या उजव्या शिरेतून एक वायर घालून तिचं टोक हृदयात स्क्रूने पक्कं केलं आणि दुसरं टोक बाहेर, कातडीवर चिकटवलेल्या पेसमेकरच्या डबीला जोडलं. जे आत असतं ते दोन आठवडे बाहेर. काका ते गळ्यात मिरवत कॉरिडॉरभर फिरायचे. फोनवर म्हणाले, “ताईत बांधलाय. नजर लागणार नाही.”

काढल्यानंतर पहिल्या आणि तिसऱ्या दिवशीचं रक्त निर्जंतुक आलं. झडप स्वच्छ असेल तर तीन दिवस निर्जंतुक रक्त मिळाल्यावर नवं यंत्र बसवायला हरकत नसते. त्या चमूने दोन आठवडे थांबणं पसंत केलं. मग उजव्या हासळीखाली नवा खिसा. या वेळी रक्त पातळ करायची गोळी बंद केली नाही, हेपरिन दिलं नाही. चीर देण्याआधी तासाभराच्या आत सेफाझोलिन हे अँटिबायोटिक. ही एक मात्रा फार स्वस्त आणि फार मोलाची. ब्राझीलमध्ये ६४९ रुग्णांवर चाचणी झाली होती: औषध मिळालेल्यांत संसर्ग ०.६३ टक्के, न मिळालेल्यांत ३.२८ टक्के. फरक एवढा स्पष्ट दिसला की चाचणी मध्येच थांबवावी लागली. अँटिबायोटिक लावलेल्या विरघळणाऱ्या जाळीच्या पिशवीत डबी घालून बसवायचीही पद्धत आहे. जवळजवळ सात हजार रुग्णांवरच्या २०१९ च्या चाचणीत तिने वर्षभरातले मोठे संसर्ग १.२ टक्क्यांवरून ०.७ वर आणले. काकांसारख्या, एकदा भाजलेल्या माणसाला ती द्यावी की नाही यावर आमची फोनवर बरीच चर्चा झाली. शेवटी किमतीपुढे नाही म्हटलं. तो निर्णय बरोबर होता की नुसता परवडणारा, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

व्हँकोमायसिनचे काढल्या दिवसापासून चार आठवडे धरले होते, त्यातले शेवटचे दोन इंदूरला. दंडातल्या शिरेतून लांब नळी घालून औषध जायचं. ती नळीही परकी वस्तू, तिच्यावरही हेच जंतू बसतात, त्यामुळे माझा जीव टांगणीला. काकूंनी पुन्हा दुधाची वही काढली. पट्टी कोणत्या दिवशी बदलली, कोणी बदलली, हात धुतले का. एक दिवस सिस्टर घाईत होत्या, तर काकूंनी त्यांना दारातच साबण दिला. शेवटच्या बाटलीनंतर त्याच दिवशी नळी काढली, एक दिवसही जास्त ठेवली नाही.

त्या वर्षीचा गणपती अर्धाच राहिला होता. सोंड झाली होती, डोळे उघडायचे होते. नातवाने ते रंगवले. काकांच्या मते एक डोळा तिरळा आहे.

पुढे

तीन महिने, सहा महिने, वर्ष. दर वेळी शर्टाची बटणं काढून दोन्ही बाजू बघतो. डावीकडे खळगा आणि पांढरी रेघ. उजवीकडे स्वच्छ कातडी, चिमटीत सहज उचलली जाणारी. सीआरपी दोन-तीनच्या घरात. पायजम्याची नाडी पुन्हा बाहेर आली, हा मजकूरही वहीत आहे.

माझ्या दवाखान्यात एक बदल झाला. पेसमेकर, कृत्रिम गुडघा, झडप, डायलिसिसची नळी, मेंदूतलं पाणी वाहून नेणारी नळी (शंट), यांतलं काहीही शरीरात असलेल्या रुग्णाच्या कागदावर डाव्या कोपऱ्यात लाल शाईने ‘वस्तू आहे’ असं लिहितो. प्रयोगशाळेच्या फॉर्मवरही. तशा माणसाला त्या जागी लाली दिसली तर गोळी लिहायच्या आधी रक्ताच्या बाटल्या जातात आणि ज्यांनी ती वस्तू बसवली त्यांना फोन जातो. कंपाउंडर पहिल्यांदा हसला होता. आता स्वतःच लाल पेन पुढे करतो.

मागच्या पितृपक्षात काका आले. तब्येत छान, तपासायचं काही नव्हतं. खुर्चीत बसून जरा संकोचले.

“एक विचारायचं होतं डॉक्टर. वडिलांची तिथी परवा आहे. अपसव्य करावं लागेल.”

मला पटकन कळेना. मग लक्षात आलं. श्राद्धात जानवं उजव्या खांद्यावर घेतात. नवं मशीन उजवीकडे आहे.

“किती वेळ?”

“दोन तास. गुरुजी आवरते घेणारे असले तर दीड.”

घ्या म्हटलं. दोन तासांनी काही होत नाही, आणि जानव्याने तर तेव्हाही काही केलं नव्हतं. काकांनी मान डोलावली, पण उठले नाहीत. शर्टाची वरची दोन बटणं सोडून म्हणाले, “तरी एकदा बघून घ्या.”

बघून घेतलं.